काट्यावरचा कचरा, गल्लीतला कचरा

कचरा पालिकेनं उचलावा की ठेकेदारानं, हे ठरवण्याआधी एका कचरागाडीला हजार घरं द्या आणि कागदावर गणित मांडा. घरटी साडेचार माणसं आणि माणशी दिवसाला अर्धा किलो कचरा धरला, तर रोजचा माल होतो सव्वादोन टन. सुट्या कचऱ्याची घनता घनमीटरला 300 किलो धरली तर साडेसात घनमीटर. गाडीत दाबल्यावर 500 किलोच्या हिशेबानं साडेचार घनमीटर. म्हणजे मध्यम आकाराचा कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी गाडी) सुद्धा निम्म्याहून जास्त रिकामा राहतो. जागेची अडचण नाहीच, अडचण आहे वेळेची. गाडी पुढे सरकणार, थांबणार, डबा उचलून रिकामा होणार, परत जागेवर जाणार. या सगळ्याला घरामागे 20 सेकंद धरले तर हजार घरांना 20,000 सेकंद, म्हणजे साधारण साडेपाच तास. कचरा टाकण्याची जागा 12 किलोमीटरवर असेल आणि शहरातून गाडी ताशी 20 च्या वेगानं जात असेल, तर जाऊन-येऊन 72 मिनिटं. वजनकाट्यावर रांगेत 20 मिनिटं. सकाळी डेपोतून निघण्याआधी तेल-पाणी, ब्रेक, हायड्रॉलिक तपासायला आणखी 20. एकूण सात तास पंचवीस मिनिटं. आठ तासांच्या पाळीत बसतं, वर पस्तीस मिनिटं उरतात.

आता 20 च्या जागी 25 सेकंद घाला. एकदम 83 मिनिटं वाढली. पाळी आठ तासांच्या पावणेएक तास पुढे गेली. मग एक तर ओव्हरटाइम द्या, नाही तर शेवटच्या दोन गल्ल्या सोडा.

कचरा उचलणं पालिकेनं स्वतः करावं की ठेकेदाराला द्यावं, या वादाचा मोठा हिस्सा या पाच सेकंदांत असतो. डबा जागेवर ठेवायचा की भिरकावायचा, झाकण लावायचं की नाही, खाली सांडलेलं झाडून घ्यायचं की गाडी पुढे काढायची, ओला-सुका वेगळा आहे का ते बघायचं की सगळं एकाच खोक्यात ओतायचं, यातच ते सेकंद जातात. निविदेत कमी दर भरणारा बहुतेक वेळा हेच सेकंद विकत असतो. कामाची नवी युक्ती शोधून दर कमी करणारा ठेकेदारही असतो, नाही असं नाही. पण दरपत्रकाकडे बघून दोघांतला फरक कळत नाही. तो कळायला पालिकेकडे आपल्या प्रत्येक फेरीचा असा हिशेब आधीपासून लागतो. ज्या पालिकेकडे तो नाही, तिनं खासगीकरण केलं तरी फसते आणि नाही केलं तरी फसते. इतकं साधं आहे.

या विषयावर अभ्यास पुष्कळ झाले. अमेरिकेत ई. एस. सावस यांनी 1970 च्या दशकात शहराशहरांतले खर्च ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की पन्नास हजारांवरच्या शहरांत ठेकेदाराचं काम पालिकेपेक्षा स्वस्त पडतं. कारणंही व्यवहारातली निघाली. पालिकेच्या गाडीवर माणसं जास्त, गैरहजेरी जास्त, गाड्या लहान, त्यामुळे खेपा जास्त. याच अभ्यासातली एक गोष्ट खासगीकरणाची बाजू मांडणारे सहसा सांगत नाहीत. सगळ्यात महाग पद्धत तिसरीच निघाली, जिथे प्रत्येक घर आपला आपला कचरावाला निवडतं. एका रस्त्यावरून चार कंपन्यांच्या चार गाड्या जाणार, प्रत्येकीचं दर चौथ्या घरी गिऱ्हाईक आणि प्रत्येकीचं बिल वेगळं. न्यूयॉर्कमध्ये दुकानं-कार्यालयांचा कचरा कित्येक दशकं असाच उचलला जायचा. तिथे आधी गुन्हेगारी टोळ्यांनी धंदा वाटून घेतला. त्या मोडायला 1996 मध्ये वेगळा आयोग नेमावा लागला. 2019 च्या कायद्यानं शहराचे 20 भाग पाडून प्रत्येक भागात जास्तीत जास्त तीनच कंपन्या ठेवायचं ठरलं. कचरा उचलताना सलग रस्ता मिळणं हीच खरी काटकसर आहे, आणि ‘ग्राहकाला निवड’ देताना नेमकी तीच जाते.

ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर निविदा काढण्याची सक्ती आली. त्याआधीच, 1986 मध्ये, डॉम्बर्गर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. जिथे निविदा निघून काम खासगी कंपनीकडे गेलं, तिथे खर्च सुमारे 22 टक्के कमी दिसला. जिथे निविदा निघाली पण पालिकेच्याच लोकांनी ती जिंकली, तिथे सुमारे 17 टक्के. या दोन आकड्यांकडे नीट बघा. बचतीचा मोठा भाग मालकी बदलल्यामुळे आलेला नाही, काम पुन्हा मोजायला लागल्यामुळे आला. पुढे जेर्मा बेल आणि मिल्ड्रेड वॉर्नर यांनी 2008 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खासगी म्हणजे स्वस्त असं ठामपणे म्हणण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. पहिल्या निविदेला सहा जण येतात, दुसऱ्या वेळी तीन आणि तिसऱ्या वेळी एकटा जुना ठेकेदार. मग दर तोच सांगणार.

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरानं 1979 पासून जे केलं ते मला या सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. शहराचे भाग पाडले, एकेका भागाची निविदा काढली आणि पालिकेच्या खात्यालाही बंद पाकिटात दर भरायला लावला. खात्याचा दर खरा आहे की लपवाछपवी आहे, हे शहराचा लेखापरीक्षक तपासायचा. पहिल्या काही निविदा खातं हरलं. मग खात्यानं बाजूनं डबा उचलणाऱ्या, एकाच चालकाच्या गाड्या आणल्या, फेऱ्या नव्यानं आखल्या आणि 1984 मध्ये निविदा जिंकली. 1988 पर्यंत गेलेले सगळे भाग परत मिळवले. हरण्याची खरीखुरी शक्यता असल्याशिवाय हे झालं नसतं. आणि खातं बरखास्त केलं असतं तर जिंकायला कोणी उरलंच नसतं.

आता पैसे कशाचे मोजायचे ते बघू. खासगीकरण गाळात जातं ते बहुधा इथे.

टनावर पैसे दिले तर ठेकेदाराला वजन हवं असतं, स्वच्छ गल्ली नको असते. बाजारातला ओला कचरा, बांधकामाचा राडारोडा, नाल्यातला गाळ हे त्याला प्रिय. अरुंद गल्लीतली चाळीस घरं अप्रिय, कारण तिथे तासाभरात शंभर किलोसुद्धा निघत नाहीत. ओला-सुका वेगळा करण्यात तर त्याचं सरळ नुकसान. लोकांनी सुका कचरा भंगारात दिला किंवा घरीच खत केलं, की त्याचं बिल घटतं. एकीकडे वर्गीकरणाच्या जाहिराती आणि दुसरीकडे टनाचा दर, हे एकाच पालिकेत सुखानं नांदताना दिसतं.

टनाचा दर ठरला की सगळा खेळ काट्यावर येतो. भरल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढंच तर गणित. रिकामं वजन बरेचदा वर्षातून एकदा घेतात आणि संगणकात कायमचं टाकून देतात. त्या दिवशी गाडी काट्यावर येते ती टाकी कोरडी करून, स्टेपनी काढून, फावडी-टोपल्या उतरवून, हेल्परला खाली उभं करून. मग रोज भरलं वजन होताना टाकीत 150 लिटर डिझेल असतं, ते सव्वाशे किलो. केबिनमध्ये दोन माणसं, 130 किलो. गाडीखालच्या टाकीत कचऱ्याचं पाणी 100 लिटर, तेही 100 किलो. झाले 355 किलो, कचऱ्याचा एक कण जास्त न उचलता. पाच टनांच्या खेपेत हे सात टक्के होतात. चाळीस गाड्या, दिवसाला दोन खेपा, वर्षाचे 300 दिवस धरले तर 8,520 टन. पाणी, डिझेल आणि माणसांचं बिल.

उपाय अवघड नाही, फक्त रोज करावा लागतो. प्रत्येक खेपेला गाडी आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा तोला. रिकामं वजन नोंदीतलं कधीच धरू नका. दोन्ही वेळा केबिन रिकामी हवी. समोरून, मागून आणि वरून फोटो निघावा, आणि फोटोवर वेळ संगणकानंच उमटवावी. कचऱ्याचं पाणी काट्याआधी सोडून द्यायचं, त्यासाठी काट्याआधी निचऱ्याची सोय लागते. ती नसेल तर बाकीच्या नियमांचा उपयोग नाही. ‘काटा बंद’ म्हणून हातानं लिहिलेल्या पावत्या महिन्यात किती निघाल्या ते वेगळं मोजा. ज्या महिन्यात काटा फार वेळा बंद पडतो, त्या महिन्याचं बिल आधी चाळायला घ्या. आणि प्रत्येक पावतीवर एक भागाकार करा: वजन भागिले गाडीच्या खोक्याचं आकारमान. 14 घनमीटरच्या गाडीत 11 टन दिसले तर घनमीटरला 786 किलो झाले. घरगुती कचरा दाबूनही साधारण 400 ते 600 किलोच्या आसपास बसतो. 786 म्हणजे आत राडारोडा आहे, चिखल आहे, नाही तर पावती खोटी आहे. हा भागाकार साध्या तक्त्यात आपोआप होतो. त्याला सल्लागार नेमावा लागत नाही.

खेपेवर पैसे दिले तर अर्धी रिकामी गाडी कचरा टाकायला पळते. घरटी पैसे दिले तर घरांची संख्या फुगते, बंद घरं मोजली जातात आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शिट्टी मारली की घर ‘झालं’. ठोक रक्कम दिली तर माणसं कमी होतात, तीन हेल्परच्या जागी दोन आणि दोनच्या जागी एक. बिनदोष माप असं कुठलंच नाही. त्यातल्या त्यात घरटी दर बरा, कारण ठेकेदाराचा फायदा आणि गल्ली साफ होणं एका दिशेला येतात. पण त्याला नमुना तपासणीची जोड हवी. रोज चिठ्ठी काढून तीस-चाळीस घरं निवडायची, गाडी गेल्यावर तासाभरात मुकादमानं जाऊन बघायचं आणि चुकलेल्या घरांच्या प्रमाणात त्या दिवसाचं बिल कापायचं. तीसपैकी तीन घरं चुकली तर तीन घरांचा दंड लावू नका, दहा टक्के बिल कापा. इतकी धार नसेल तर चुकणंच स्वस्त पडतं. तपासणीची घरं आदल्या दिवशी कोणाला कळता कामा नयेत, हे सांगायला नको. तरी कळतातच, म्हणून चिठ्ठी सकाळी काढायची.

जीपीएसवर फार भरवसा ठेवणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाडी गल्लीतून गेली एवढंच जीपीएस सांगतं. डबा उचलला की नाही ते सांगत नाही. त्यातून काही उपयोगाचं काढायचं असेल तर वेग बघा. घराघरापाशी थांबणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी चार-पाच किलोमीटरच्या वर जात नाही. ज्या गल्लीतून ती पंधराच्या वेगानं गेली तिथे काम झालेलं नाही, मग नकाशावर रेघ कितीही हिरवी असो.

कराराची मुदत गाडीच्या आयुष्याशी जुळवायला हवी. कचरागाडीचं आयुष्य कष्टाचं असतं: दिवसात हजार वेळा ब्रेक, हजार वेळा क्लच, आम्लपाण्यानं कुजणारा पत्रा, कचरा टाकण्याच्या जागेवरच्या खिळ्या-काचांवर फाटणारे टायर आणि डिझेलचा लिटरला एक-दीड किलोमीटर इतकाच पल्ला. सात-आठ वर्षांत ती खर्ची पडते. तीन वर्षांचा करार दिला तर ठेकेदार नवी गाडी घेणार नाही. कुठून तरी जुन्या आणून रंगवेल, किंवा नव्या गाडीचा सगळा पैसा तीन वर्षांत वसूल होईल असा दर लावेल. पंधरा वर्षांचा दिला तर दुसरे ठेकेदार दरम्यान धंदा सोडून जातात आणि पुढच्या निविदेला पुन्हा तोच. सात-आठ वर्षं, मध्ये इंधन आणि मजुरीच्या निर्देशांकाप्रमाणे दर बदलण्याचं लिहिलेलं सूत्र, हे बरं. सूत्र नसेल तर डिझेल वाढलं की ठेकेदार आधी पगार थकवतो, मग सर्व्हिसिंग लांबवतो आणि शेवटी गाड्या उभ्या करून पालिकेला बोलणीला बसवतो. हाच क्रम असतो.

मजुरीबाबत माझं मत कडक आहे. मजुरीवर स्पर्धा होऊच देऊ नये. किती माणसं, कोणत्या पगारावर, भविष्यनिर्वाह आणि विम्यासह किती, हा आकडा पालिकेनं निविदेतच छापावा आणि ठेकेदारानं फक्त बाकीच्या खर्चावर दर लावावा. नाही तर ‘कार्यक्षमता’ म्हणून जे काय मिरवलं जातं ते कापलेला पगार असतं. ऑस्लोमध्ये ऑक्टोबर 2016 पासून कमी दराच्या निविदेवर एका नव्या कंपनीला शहराचा कचरा दिला. तक्रारींचा पूर आला, कामगार खात्याच्या तपासणीत माणसं कायद्यापेक्षा कितीतरी जास्त तास राबताना आढळली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये कंपनी बुडाली. शहरानं काम आपल्या हाती घेतलं. त्या दरात ते काम होणारच नव्हतं. वर मांडलेलं घरामागच्या सेकंदांचं गणित निविदा उघडतानाच केलं असतं तर हे तेव्हाच दिसलं असतं. निविदेतली गाड्यांची आणि माणसांची संख्या घ्या, घरांच्या संख्येला भाग द्या, घरामागे किती सेकंद येतात ते बघा. बारा-तेरा सेकंद आले तर ती निविदा सर्वांत स्वस्त असली तरी बाद करा, आणि बाद करण्याचा अधिकार निविदेच्या अटींत आधीच लिहून ठेवा. नाही तर कमी दरवाला कोर्टात जातो.

गाड्या कोणाच्या यापेक्षा डेपो कोणाचा, हे जास्त महत्त्वाचं. गाड्या विकत मिळतात, भाड्यानंही मिळतात. शहरात साठ गाड्या उभ्या करायला, धुवायला, डिझेल भरायला, सांडपाणी जिरवायला जागा मिळत नाही. आजूबाजूचे लोक होऊ देत नाहीत. एकदा का डेपो ठेकेदाराच्या मालकीचा झाला, की पुढच्या निविदेत नवा माणूस येऊच शकत नाही. कचरा हस्तांतरण केंद्र आणि अंतिम जागा यांचंही तेच. बैरूतमध्ये जुलै 2015 मध्ये वर्षानुवर्षं मुदतवाढ मिळालेल्या कंपनीचा करार संपला आणि त्याच सुमारास नाअमे इथला डंपिंग ग्राउंड बंद झाला. पर्यायी जागा नव्हती, पर्यायी यंत्रणाही नव्हती. रस्त्यांवर कचऱ्याचे डोंगर झाले आणि लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. त्यात कंपनीचा दोष किती आणि सरकारचा किती, हा वेगळा वाद. हातात काहीच न ठेवणाऱ्याला वाटाघाटी करता येत नाहीत, एवढं मात्र त्यातून दिसलं.

म्हणून सगळं शहर एकाच ठेकेदाराला कधीच देऊ नये. चार-पाच भाग करावेत, एकाला दोनांहून जास्त मिळू नयेत आणि एक भाग पालिकेनं स्वतःकडे ठेवावा. तोही सोपा, रुंद रस्त्यांचा ठेवू नये. जुन्या वस्तीचा, अडचणीचा ठेवावा, म्हणजे खरा खर्च कळतो. टोरांटोत 2012 पासून यंग स्ट्रीटच्या पश्चिमेचा सगळा भाग खासगी कंपन्यांकडे आणि पूर्वेचा पालिकेकडे आहे. अशी फाळणी असली की प्रशासनाच्या टेबलावर दोन जिवंत आकडे राहतात.

आता पालिकेच्या बाजूला येऊ. तिथली दुखणी वेगळी, पण कमी नाहीत.

पहिलं दुखणं वर्कशॉपचं. कॉम्पॅक्टरच्या मागच्या दाराचं रबरी सील फाटलं. पार्ट किरकोळ किमतीचा. पण खरेदीला तीन कोटेशन, दोन सह्या, भांडारात शिल्लक नसल्याचा दाखला. गाडी अकरा दिवस उभी. नाही तर तशीच चालवली जाते आणि रस्ताभर पाण्याची रेघ सोडत जाते. हायड्रॉलिकचा होज पाइप, दाबपट्टीचे बुश, पीटीओचं (इंजिनाची ताकद हायड्रॉलिक पंपाला देणाऱ्या जोडणीचं) सील, ब्रेक लायनर, हे चार-पाच पार्ट सोडले तर कचरागाडी क्वचितच कशासाठी थांबते. हे पार्ट प्रत्येक दहा गाड्यांमागे दोन-दोन याप्रमाणे कपाटात ठेवले आणि ठरावीक रकमेपर्यंत खरेदीचा अधिकार वर्कशॉपच्या फोरमनला दिला, तर उभ्या गाड्या निम्म्यानं कमी होऊ शकतात. राखीव गाड्या दहाला एक तरी हव्यातच, जुन्या ताफ्याला दहाला दोन. खासगी ठेकेदार इथे खरोखर चांगला असतो, कारण त्याचा पुतण्या दुचाकीवर जाऊन तासाभरात पार्ट आणतो. पालिकेनं हे शिकायला खासगीकरण करावं लागत नाही.

दुसरं दुखणं हजेरीचं. कागदावर गाडीमागे तीन माणसं, प्रत्यक्षात दीड. एक रजेवर आणि अर्धा कोणाच्या तरी कार्यालयात पाणी भरायला. ठेकेदाराकडे गेलेल्या कामात ही दीड माणसांची बचत दिसते आणि तिला व्यवस्थापनकौशल्य म्हटलं जातं. हजेरी गाडीपाशी, सुटण्याच्या वेळी घेतली तर हा प्रश्न बराच आटोक्यात येतो. विभाग कार्यालयात घेतली की येत नाही.

तिसरं संपाचं. टोरांटोत 2009 मध्ये पालिका कामगारांचा संप 39 दिवस चालला. ज्या भागात आधीच खासगी कंपनी होती तिथे उचल चालू राहिली. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये मार्च 2025 मध्ये पालिकेच्या कचरा कामगारांनी पूर्ण संप पुकारला आणि महिनाअखेर पालिकेला आपत्कालीन स्थिती जाहीर करावी लागली. तेव्हा रस्त्यांवर सुमारे 17,000 टन कचरा पडून होता. खासगीत संप होत नाहीत असं नाही. पगार थकल्यावर होणारी कामबंदी हा संपच असतो, फक्त तिला नाव दुसरं मिळतं. शहर दोन हातांत वाटलेलं असण्याचा फायदा इथेही होतो.

खर्चाची तुलना करताना सर्रास एक चूक होते. पालिकेचा सध्याचा खर्च 100 आहे, ठेकेदार 85 म्हणतो, म्हणून 15 वाचले असं प्रेझेंटेशन होतं. पण त्या 100 मधले, समजा, 12 असे आहेत जे काम बाहेर दिल्यावरही जात नाहीत: मुख्यालयाचा वाटा, निवृत्तांची पेन्शन, डेपोच्या जागेचा खर्च. वाचू शकणारा खर्च 88 च. दुसऱ्या बाजूला 85 वर देखरेखीचे पाचेक धरा. मुकादम, काटा, तपासणी, बिलं, कोर्टकज्जे हे सगळं फुकट होत नाही. 90 झाले. म्हणजे दोननं महाग. उलटंही होतं. पालिका आपला खर्च सांगताना अंदाजपत्रकातलं फक्त कचरा खात्याचं शीर्ष दाखवते. गाड्यांचा घसारा, वर्कशॉपचे पगार, विमा, डिझेल दुसऱ्याच शीर्षाखाली असतात. मग खरा 100 चा खर्च 70 दिसतो आणि ‘आम्हीच स्वस्त’ असा डांगोरा पिटला जातो. दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारावा: हे काम उद्या थांबवलं तर कोणता खर्च खरोखर बंद होईल?

सुरक्षिततेचं थोडक्यात, कारण ते दोन्हीकडे सारखंच दुर्लक्षित असतं. फेब्रुवारी 1968 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये पावसापासून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या खोक्यात बसलेले दोन कामगार दाबयंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले. त्यानंतर तिथल्या कचरा कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. गाडी पालिकेची होती, जुनी होती, तक्रारी आधी झालेल्या होत्या. आजच्या गाडीत दाबपट्टी दोन्ही हातांनी बटण धरून ठेवल्याशिवाय चालू नये, आणीबाणीचं लाल बटण दोन्ही बाजूंना असावं. कामाला वेग यावा म्हणून ही धरून ठेवायची बटणं तार बांधून कायमची दाबून ठेवलेली सापडतात. गाडी तपासताना इंजिनाआधी ती तार आहे का ते बघावं.

काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पहिले दोन आठवडे हमखास गोंधळाचे जातात, मग ते पालिकेकडून ठेकेदाराकडे असो की उलट. कारण फेरी चालकाच्या डोक्यात असते, कागदावर नसते. कोणत्या गल्लीत गाडी उलटी घालावी लागते, कुठलं फाटक सातनंतर बंद होतं, कोणत्या सोसायटीचे डबे मागच्या बाजूला असतात, कुठे विजेची तार खाली लोंबते, कुठल्या पुलावर भरली गाडी नेता येत नाही. हे सगळं नकाशावर चढवून घ्यायला प्रत्येक फेरीसाठी नव्या चालकानं जुन्याच्या शेजारी किमान सहा दिवस बसावं. सहा यासाठी, की आठवड्याचा प्रत्येक वार वेगळा असतो. जुना माणूस सहकार्य करेलच असं नाही, म्हणून त्याच्या शेवटच्या बिलातली काही रक्कम या सहा दिवसांवर अडकवून ठेवावी.

गाड्या पालिकेच्या आणि चालवणारा ठेकेदार अशी व्यवस्था असेल तर शेवटच्या सहा महिन्यांत त्यांच्यावर कोणी ग्रीससुद्धा मारत नाही. करार संपायच्या नऊ महिने आधी एकदा आणि मग दर महिन्याला प्रत्येक गाडी वर्कशॉपच्या तपासणी-खड्ड्यावर घ्यावी. टायरची नक्षी किती मिलिमीटर उरली, मागच्या दाराच्या सीलमधून पाणी झिरपतं का, सिलिंडरच्या दांड्यावर तेल दिसतं का, खोक्याच्या तळाचा पत्रा हातोडीनं ठोकल्यावर कसा वाजतो, हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो आणि हातोडी थोडी आत जाते.